सव्वा महिन्याची राखण

मंगलताई,

तुम्ही गेल्यानंतरचा हा तिसरा बुधवार. पहिल्या बुधवारी मी लसीकरणाला बसलेच नाही, रजा टाकली. दुसऱ्या बुधवारी बसले आणि अकरा वाजायच्या आत दोन आयांवर खेकसले. आज मात्र तुमचं ते बुटकं स्टूल कपाटामागून ओढून काढलं आणि त्यावर बसले. तासाभरात कंबर धरली. इतकी वर्षं तुम्ही त्यावर कशा बसत होतात, देव जाणे.

निफाडजवळच्या या आरोग्य केंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले, त्याला आता सहा वर्षं होऊन गेली. आले तेव्हा सगळ्यात आधी हसू आलं होतं ते त्या स्टुलाचं. एवढी जुनी, सगळ्यांत मोठी सिस्टर, आणि बसते पाटावर बसल्यासारखी. मी नाशिक शहरात वाढलेली, तोंडाने फटकळ. पहिल्याच आठवड्यात विचारलं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, "आई बाकावर बसते, पोर तिच्या मांडीवर. मी उभी राहिले तर तिला मान वर करून विचारावं लागतं. मग ती विचारत नाही, नुसतं हो म्हणते." मला वाटलं, बाईंना भाषणाची हौस दिसते.

हौस कसली, तुम्हाला प्रश्नांचंच वेड होतं. ओळ बाहेर कडुनिंबापर्यंत गेलेली, पोरं रडतायत, डॉक्टर आतून दोनदा डोकावून गेलेत, आणि तुम्ही एका बापाच्या मोबाईलवर लसीविरुद्धचा व्हिडिओ बघत बसलेल्या. अख्खा बघितलात. मग त्याला म्हणालात, "यातलं पहिलं खरं आहे, ताप येऊ शकतो. दुसरं साफ खोटं आहे. आणि हे तिसरं मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारते, पुढच्या बुधवारी सांगते." पुढच्या बुधवारी तुम्ही त्याला हुडकून काढून सांगितलंत, तर तो बिचारा स्वतःचा प्रश्नच विसरला होता. मी पोट धरून हसले. तुम्ही नाही हसलात. म्हणालात, "तो विसरला, पण पुढच्या वेळी विचारील."

सगळ्यात जास्त प्रश्न पहिल्या दिवसाच्या लसीबद्दल यायचे. कावीळ-बीची, म्हणजे हिपॅटायटिस-बीची लस, जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत द्यायची. बाळ कालचं, आजच सुई कशाला? आमच्या घरात कुणाला कावीळ नाही, मग आम्हाला का? आईचा रिपोर्ट चांगला आहे, तरी? आणि तिसऱ्या दिवशी बाळ जरा पिवळं दिसलं की आजी तणतणत यायच्या: काविळीची लस दिली आणि तुमच्या लशीनंच पोराला कावीळ झाली. मी एका वाक्यात वाटेला लावलं असतं. तुम्ही त्या आजीला बसवून घ्यायच्या. ते पिवळेपण बऱ्याच बाळांना पहिल्या आठवड्यात येतं, तरी डॉक्टरांना दाखवूच; जिची ही लस आहे ती कावीळ निराळी, ती रक्तातून येते, जन्मताना आईकडून बाळाला येऊ शकते, आणि तान्ह्या बाळाला झाली तर वरून दिसतही नाही. पोर हसतं, खेळतं, शाळेत जातं, आणि आजार वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये बसून राहतो. हे शेवटचं वाक्य तुम्ही दर वेळी जरा हळू म्हणायच्या. मला वाटायचं, घसा दुखतोय.

आणि ती तुमची खिडकी. लस भरायच्या आधी बाटली उजेडात धरायच्या. धरावीच लागते म्हणा, पण तुम्ही जरा जास्तच वेळ धरायच्या. एकदा मला म्हणालात, "स्मिता, बघ, एवढंसं. बाळाला अजून आईचा चेहरा धड दिसत नाही, आणि त्याचं अंग हे ओळखून लक्षात ठेवतं." मी तेव्हा सुया मोजत होते. हो ताई, म्हटलं आणि मोजत राहिले. आता मीही बाटली उजेडात धरते तेव्हा हात थांबतो. इतक्या वर्षांत ज्याचं आपल्याला काहीच वाटलं नाही, त्याचं आता इतकं नवल वाटतं की पुढच्या आईला दोनदा हाक मारावी लागते.

पण मला लिहायचंय ते हिराबाईंच्या नातीबद्दल. सोनालीला विचारलं, तुमच्या मुलाला, प्रशांतला विचारलं, दोघांनी हो म्हटल्यावरच लिहायला बसले. नावं बदलली आहेत. तुम्ही हेच आधी विचारलं असतंत.

सोनाली हिराबाईंची सून. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरी. सातव्या महिन्यात तपासणीत तिला कावीळ-बी निघाली. नवऱ्याला तिने सांगितलं, त्याचीही तपासणी झाली, लस झाली. सासूला मात्र सांगू नका म्हणून तिने तुमचा हात धरला, आणि तुम्ही शब्द दिलात. अशा बाळाला पहिल्या दिवशी लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन लागतं, तयार संरक्षण देणारं, आणि तेही लवकरात लवकर. तुम्ही ते आधीच नाशिकहून आणवून ठेवलं होतंत. सगळी तयारी झाली होती. फक्त ज्या सकाळी पोर जन्मली, त्या सकाळी तुम्ही दुसऱ्या गावाला होतात आणि खाटेपाशी मी होते.

हिराबाई खाटेला टेकून बसल्या होत्या. उशाशी अडकित्ता ठेवलेला, लोखंड जवळ असलं की बाळबाळंतिणीला बाधत नाही म्हणून. मला म्हणाल्या, "पाचवी पुजल्याबिगर पोरीला टोचायचं नाय." मी सांगून पाहिलं. त्या हलेनात. सोनाली माझ्याकडे बघत होती, आणि तिला बोलता येत नव्हतं. घड्याळ पुढे चाललं होतं. तेवढ्यात माझी नजर त्या अडकित्त्यावर गेली आणि मला सुचलं. म्हटलं, "आजी, उशाशी लोखंड ठेवलंय ना राखणीला? मग ही सुई तरी कशाची आहे? लोखंडाचीच. ही पण राखणच." हिराबाई क्षणभर बघत राहिल्या आणि मग चक्क हसल्या. "हां, मंग असं सांग ना," म्हणाल्या. दोन मिनिटांत दोन्ही मांड्यांत दोन सुया देऊन मी मोकळी झाले.

दुपारी तुम्ही आलात. मी फुशारकीने सगळं सांगितलं. तुम्ही हात धुता धुता विचारलंत, "म्हणजे लसीबद्दल तिला काही सांगितलंच नाहीस."

"पटलं ना पण तिला?"

"पटलं. पण काय पटलं?"

मी चिडले. चहा निवेपर्यंत भांडलो आपण. मी म्हणत होते, सोनालीचं सांगता येत नाही, वेळ हातात नाही, मग माणसाने करायचं काय? तुमचं म्हणणं, ही लस प्रत्येक बाळाला पहिल्या दिवशी देतात, एवढं खरं सांगून पुरलं असतं, नसतं पुरलं तर तासभर बसून सांगायचं. मी विचारलं, "आणि तासाभराने पण नाही म्हणाली असती तर?" त्यावर तुम्ही निवलेला चहा पिऊन टाकलात. खरं सांगू का, मला अजूनही वाटतं की त्या दिवसापुरतं माझं बरोबर होतं. हे भांडण तसंच राहिलं.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, पण मला पुन्हा सांगायचंय. दीड महिन्याच्या डोसाची तारीख आली आणि गेली. एक बुधवार गेला, दुसरा गेला. आशाताईला वस्तीवर पाठवलं, ती परत येऊन सांगते, "आजी म्हणतात, सव्वा महिना झाला, राखण उठली. उशाचं लोखंड काढलं, आता सुई कशाला?"

मीच सांगितलं होतं ना त्यांना, की सुई म्हणजे लोखंड, आणि लोखंड म्हणजे राखण? सव्वा महिन्यानंतर बाळाच्या उशाचं लोखंड काढतात हे मला शहरातलीला कुठलं माहीत असणार? हिराबाईंनी माझा शब्द पुरेपूर पाळला होता. आणि सोनालीच्या पोरीला पुढचे डोस नाही मिळाले, तर पहिल्या दिवसाचं सगळं अर्ध्यावर राहणार होतं. ती पोर जन्मभर तो आजार अंगात घेऊन फिरली असती, आणि तेही मी दिलेल्या सोप्या उत्तरापायी.

मी तुमच्यासमोर उभी राहिले. वाटलं, आता बोलणार. तुम्ही म्हणालात, "चप्पल घाल, मळ्यात जाऊ."

थंडी होती. हिराबाईंच्या द्राक्षबागेत घडातले जादा मणी काढायचं काम चाललं होतं, चार-पाच बायका मांडवाखाली कात्र्या घेऊन उभ्या. सोनाली पोरीला खांद्यावर टाकून ओट्यावर आली आणि तिथेच थबकली. तुम्ही सरळ हिराबाईंपाशी गेलात आणि माझ्यादेखत म्हणालात, "आजी, आमच्याकडून तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं. लोखंडाचा आणि लसीचा काही संबंध नाही. चूक आमची आहे." माझे कान तापले. तुम्ही "आमची" म्हणालात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मग एका बाईकडून कात्री मागून घेतलीत आणि हिराबाईंच्या शेजारी उभं राहून मणी काढायला लागलात.

हिराबाई काही सोप्या नव्हत्या. "एकदा टोचलं ना? मंग परत कशापायी?"

मला वाटलं, आता बागेतल्या फवारणीचा दाखला द्याल, तीही एकदा करून भागत नाही. माझ्या तर अगदी जिभेवर आला होता. तुम्ही नाही दिलात. म्हणालात, "पहिल्या डोसाने अंग त्या आजाराला ओळखायला लागतं. पुढच्या डोसांनी ते पक्कं होतं. मध्येच सोडलं तर कुणाचं टिकतं, कुणाचं नाही. कुणाचं टिकेल ते आधी कळत नाही."

"ताप येतो म्हनं."

"येतो. एक-दोन दिवस. मांडी दुखते, पोर रडतं. ती रात्र जड जाते, ते खोटं नाही."

"आमची चार पोरं वाढली, एकालाबी टोचलं नाय. काय झालं त्यांना?"

"काही नाही झालं, चांगलं झालं. पण सगळ्यांचं तसं होत नाही."

अर्धा-पाऊण तास हे चाललं. पायाखाली हिरव्या मण्यांचा सडा पडला. मग हिराबाईंची कात्री थांबली. त्या तुमच्याकडे वळून म्हणाल्या, "सिस्टर, एक खरं सांगा. गावात लय पोरं हाये. माह्याच नातीसाठी दोघी दोघी मळ्यात येऊन हुभ्या. पोरीला काय हाय का? का सुनंला काय हाय?"

ओट्यावर सोनालीने पोरीला घट्ट धरलं. मला तिचा चेहरा दिसत होता. हो म्हटलं तर तिला दिलेला शब्द मोडतो, नाही म्हटलं तर खोटं. माझ्याजवळ खोटं तयार होतं, मी तोंड उघडलंही होतं. तुम्ही माझ्या दंडावर हात ठेवलात, हिराबाईंना "आलेच" म्हणालात, आणि फोन काढून वेलींच्या ओळीच्या टोकाला गेलात. मी मागोमाग आले. तुम्ही मला घालवलं नाहीत.

"प्रशांत, जेवलास का? ... ऐक, एका आजीला सांगायचंय. माझं आणि तुझं. सांगू? ... नाही, नातीचं आहे. ... हो, चार बायका आहेत, गावात कळेल. ... तू नको म्हणालास तर नाही सांगणार." मग बराच वेळ तुम्ही नुसत्या ऐकत होतात. "बरं," म्हणालात आणि फोन ठेवलात.

मला काहीच माहीत नव्हतं, ताई. रोज शेजारी बसून डबा खाणारी मी, मला काहीच माहीत नव्हतं.

तुम्ही परत येऊन म्हणालात, "आजी, सुनेचं मला विचारू नका. कुणाच्याच घरातलं मी दुसऱ्याला सांगत नाही, तुमचंही नाही सांगणार. माझं सांगते. ही कावीळ मला आहे. कुठून आली ते ठाऊक नाही. माझा पोरगा झाला तेव्हा मला कळलेलंच नव्हतं, आणि तेव्हा ही लस अशी सगळ्यांना मिळतही नव्हती. पोरीच्या वेळी कळलं होतं. तिला पहिल्या दिवशी टोचलं, पुढचे सगळे डोस दिले. दोघं माझ्याच पोटची. पोराला हा आजार आहे, पोरीला नाही."

मांडवाखाली एकही कात्री वाजत नव्हती. मी द्राक्षाच्या एका पानाकडे बघत राहिले, कारण तुमच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं. दुसऱ्याच्या सुनेचं झाकून ठेवायला तुम्ही स्वतःचं उघडं केलंत, आणि तेही पोराला विचारून. असं काही माणूस करू शकतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

हिराबाईंनी हळहळ केली नाही. प्रश्नच विचारले. "पोराला तरास व्हतो?"

"अजून नाही. तपासण्या चालू आहेत."

"त्याच्या ताटात कोन जेवलं तं?"

"काही होत नाही. ताटाने नाही, पाण्याने नाही, शिवल्याने नाही, पोर मांडीवर घेतल्याने नाही. रक्तातून होते."

"मंग तुमच्या हातून एवढ्या पोरांना..."

तुम्ही शांतपणे म्हणालात, "विचारलंत ते बरं केलंत. दर बाळाला नवी सुई, वापरली की तिथेच तोडून टाकतो. मी डॉक्टरांना आधी विचारलं, मगच हे काम करत राहिले."

हिराबाईंनी पदराने कात्री पुसली. मग ओट्याकडे बघत म्हणाल्या, "बुधवार कवा हाय?" परवा, तुम्ही म्हणालात. "आणते," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कात्री चालवायला लागल्या.

त्या आल्या. ओळीत सगळ्यांच्या पुढे. पुढच्या डोसाला आल्या, त्याच्या पुढच्यालाही आल्या, आणि दर वेळी चार प्रश्न घेऊन आल्या. शेवटचा डोस झाला त्या दिवशी सोनालीने धीर करून सासूला आपलं सांगितलं. हिराबाई तिला म्हणाल्या म्हणे, "माहीत हाय मला. त्या दिशी मळ्यातच तुह्या तोंडावर दिसलं. तू सांगशील तवा सांगशील म्हनून ऱ्हायले."

पण त्याची किंमत तुम्हाला मोजावी लागली. गावात बातमी फिरली. पुढच्या काही बुधवारी दोन-तीन आया तुमच्या समोरून उठून माझ्याकडे येऊन बसल्या. मला असा संताप आला होता, सुनावणारच होते. तुम्ही म्हणालात, "त्यांना काही बोलू नकोस. आज उठून गेल्या, उद्या विचारतील." आणि खरंच एक जण आली, खाली मान घालून, आणि तुम्हाला तोंडावर विचारलं. तुम्ही तिलाही तसंच सगळं सांगितलंत, आवाजात जराही कडवटपणा न येऊ देता. मला हे कधी जमेल असं वाटत नाही.

मला खातं ते दुसरंच. उन्हाळा संपता संपता तुम्ही खंगायला लागलात. साडी ढिली झाली, पाय सुजायला लागले. मळ्यातलं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलेलं होतं, तरी मी काय म्हणत होते? "ताई, डाएट चाललंय वाटतं." नाशिकच्या दवाखान्यात तुमच्या पलंगाशी बसून मी रडले, का सांगितलं नाही म्हणून भांडले. करोनाच्या धावपळीत तुमच्या तपासण्या चुकल्या, त्या चुकतच गेल्या, आणि लिव्हर आतून कुठवर गेलंय ते फार उशिरा समजलं. तुम्ही म्हणालात, "विचारलं असतंस तर सांगितलं असतं." तुमच्या आवाजात राग नव्हता, तुम्ही नेहमीसारखं फक्त खरं ते सांगितलंत. अख्ख्या पंचक्रोशीच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या बाईला, रोज शेजारी बसून मी, तुम्ही कशा आहात एवढंही विचारलं नाही. मला माफ करा.

त्याच पलंगावरून तुम्ही दोन गोष्टी विचारायच्या. एक, हिराबाईंच्या नातीचं रक्त तपासायला गेलं का. पोर दहा महिन्यांची झाली होती, लस लागू पडली का हे आता कळणार होतं. दुसरी गोष्ट तुम्ही एकदाच बोललात. "रूपालीचं, सख्ख्या बहिणीचं पोर प्रशांत उचलत नाही गं. लांबूनच खेळवतो. मी किती वेळा सांगितलं, काही होत नाही म्हणून. साऱ्या गावाला पटवलं, त्याला नाही पटवता आलं. तो मला काही विचारतच नाही." मग भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "माझ्यावर राग असेल त्याचा." मी नाही नाही म्हणत राहिले. मला काय माहीत होतं? पुन्हा एक सोपं उत्तर देऊन मी मोकळी झाले.

मंगळवारी तुम्ही गेलात. शुक्रवारी रिपोर्ट आला.

ताई, पोरीला आजार नाही. आणि अंगात संरक्षण तयार झालंय, चांगलं भरपूर. मी तो कागद डॉक्टरांना दोनदा वाचायला लावला, मला काहीतरी चुकीचं वाचल्यासारखं वाटत होतं. आजाराच्या दारातून बाहेर आलेलं पोर, जन्मल्यावर पहिल्या काही तासांत टोचलेले ते दोन थेंब, आणि नंतरच्या तीन बुधवारांनी ते पक्कं केलं. इतकी वर्षं हे काम केलं, पण हे किती मोठं आहे ते मला त्या कागदाने दाखवलं.

सोनालीला कळवलं आणि मग तुमच्या घरी फोन लावला. प्रशांतने उचलला. घरात माणसं होती, मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, त्या दिवशी तू हो म्हणालास ना, त्या पोरीचा रिपोर्ट चांगला आलाय. भांड्यांचा आवाज मागे पडला, तो बाहेर गेला असावा. मग म्हणाला, "मी नको म्हटलं असतं तर?"

गोड काहीतरी बोलणार होते. नाही बोलले. म्हटलं, "माहीत नाही रे. ताईंनी दुसरी काही वाट काढली असती कदाचित. पण त्या दिवशी तुझ्या हो म्हणण्यावर ते झालं, एवढं मला माहीत आहे." मग, विचारायचं कसं ते न कळून, सरळच विचारलं, "आईवर राग होता का तुझा?"

"राग कसला?" तो म्हणाला. "मी काही विचारलं की तिला वाटेल, आपल्यामुळे झालं. म्हणून नाही विचारलं कधी."

हे तुम्हाला सांगायला हवं होतं ताई. चार दिवस आधी हा फोन झाला असता तर. तुम्ही त्याच्या प्रश्नाची वाट बघत राहिलात, आणि तो तुम्हाला जपण्यासाठी गप्प राहिला.

आज तो आला होता. कंपनीची सुट्टी नव्हती, अर्धा दिवस काढून आला. दारातच उभा, हेल्मेट हातात, पोरांपासून दोन हात लांब. हिराबाईही कार्डावर रिपोर्टची नोंद करून घ्यायला नातीला घेऊन आल्या होत्या. त्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "मंगलबाईंचा पोरगा का?" मी हो म्हटलं.

मी रजिस्टर पुढे केलं. हिराबाईंना सही करायची होती, त्यांना ती एकेक अक्षर जुळवत करावी लागते. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि पोर त्याच्यापुढे धरली. "धर रे जरा."

तो मागे सरकला. "आजी, मला... मी नको."

"ठाऊक हाय मला तुहं. तुह्या आईला मी समदं इचारलंय. काय व्हत नाय. धर."

त्याने हेल्मेट खाली ठेवलं. पोर घेतली ती अशी, दोन्ही हात ताठ करून, अंगापासून लांब. ती दहा महिन्यांची धिटुकली, तिला कुठे लांब राहायचंय? तिने त्याच्या शर्टाचं बटण पकडलं आणि त्याच्या छातीवर डोकं टाकलं. त्याचे हात आपोआप वळले. हिराबाईंची सही केव्हाच झाली होती. त्या बाकावर टेकल्या आणि पोर काही परत मागितली नाही.

बऱ्याच वेळाने त्याने माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "ही रडत का नाहीये?"

मी म्हटलं, "तिला काही झालेलं नाही म्हणून."